बिनपाडव्याचं वर्ष

२०२३-२४ या आर्थिक वर्षात गुढीपाडवा आलाच नाही. २०२३चा पाडवा २२ मार्चला होता, म्हणजे तो आदल्या आर्थिक वर्षात जमा झाला. पुढे श्रावण अधिक आला, सगळे सण लांबले आणि नंतरचा पाडवा पडला ९ एप्रिल २०२४ला. तोवर नव्या वर्षाच्या वह्या उघडून आठवडा झाला होता. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या बारा महिन्यांत गुढी एकदाही उभी राहिली नाही. उलट २०२४-२५ला दोन पाडवे मिळाले, ९ एप्रिल २०२४चा आणि ३० मार्च २०२५चा. घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही. एप्रिल ते मार्च असं वर्ष मोजून श्रीखंड विकणाऱ्याचा मात्र हिशेबच फिरतो.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डेअरीत अहवाल तयार करते. दुधाचं संकलन, प्रक्रिया, विक्री, सगळीकडचे आकडे माझ्याकडे येतात आणि ते मी पडद्यावर तक्त्यांत, स्तंभांत, रेषांत बसवते. या कामाला बिझनेस इंटेलिजन्स असं भारदस्त नाव आहे. आमच्याकडे चेअरमनपासून डेपोवरच्या मुलापर्यंत सगळे ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. एप्रिल २०२४च्या आढावा बैठकीत डॅशबोर्डवर श्रीखंडाचे दोन स्तंभ शेजारी उभे होते, एक २०२२-२३चा आणि एक २०२३-२४चा. दुसरा स्पष्ट बुटका होता. “मॅडम, श्रीखंड बसलं की यंदा,” विक्री विभागाचे साहेब म्हणाले. कुणी बाजारात आलेल्या नव्या ब्रँडचं नाव घेतलं, कुणी पॅकिंगला दोष दिला आणि चर्चा घसरत घसरत कपांच्या छपाईची ऑर्डर कमी करण्यापर्यंत गेली. स्तंभांमधला आकडा किलोपर्यंत बरोबर होता. पण पाडवा असलेलं वर्ष आणि पाडवा नसलेलं वर्ष शेजारी ठेवलंय, हे त्या चित्रात कुठेच दिसत नव्हतं.

ही गोष्ट चित्रात दिसावी कशी, यावर हा लेख आहे. त्यासाठी डॅशबोर्डच्या पोटात काय चालतं ते थोडं पाहायला हवं.

तळाशी असतात साधे तक्ते. आमच्या विक्रीच्या तक्त्यात प्रत्येक चलनातल्या प्रत्येक मालाची एक ओळ आहे: तारीख, डेपो, वितरक, माल, पॅक, किलो, रुपये. या ओळींवर चालणाऱ्या हिशेबाला मेजर म्हणतात. ‘एकूण विक्री’ हे सर्वांत साधं मेजर. समोर दिसतील तेवढ्या ओळींमधले किलो बेरजेत घ्यायचे, एवढंच त्याचं काम. समोर काय दिसणार, ते फिल्टर ठरवतो. बघणाऱ्याने पानावर सांगली डेपो निवडला की सांगलीच्याच ओळी उरतात. मार्च निवडला की मार्चच्या. मेजर तेच राहतं आणि उत्तर बदलत जातं. या तंत्राची सगळी गंमत आणि सगळा उपयोग इथेच आहे, कारण एकदा लिहिलेला हिशेब शंभर ठिकाणी चालतो.

अडचण येते तुलनेच्या वेळी. पानाला लावलेला फिल्टर पानावरच्या सगळ्या चित्रांना लागतो. ‘पाडव्याचे दिवस’ असा फिल्टर पानाला लावला तर पाडव्याची विक्री दिसेल, पण तिच्या शेजारी वर्षाची एकूण विक्री ठेवता येणार नाही, कारण तीही पाडव्यापुरती कापली जाईल. श्रीखंड निवडलं तर दही गायब. सांगली निवडली तर कोल्हापूर गायब. तुलनेला तर दोन आकडे एकाच वेळी, एकाच चित्रात लागतात आणि त्या दोघांच्या अटी वेगळ्या असतात. मग करायचं असं की अट पानावर न ठेवता मेजरच्याच आत बसवायची. ‘एकूण विक्री’ आहे तशी ठेवायची आणि तिच्या शेजारी ‘श्रीखंड विक्री’, ‘पाडवा विक्री’, ‘पाडव्याविना विक्री’ अशी स्वतःची अट सोबत घेऊन फिरणारी मेजरं उभी करायची. यांना फिल्टर्ड मेजर म्हणतात.

ज्यांनी एक्सेलवर दिवस काढलेत त्यांना ही कल्पना अनोळखी वाटू नये. एक्सेलच्या २००७च्या आवृत्तीत समइफ्स आलं. बेरीज कर, पण या रकान्यात ‘श्रीखंड’ आणि त्या रकान्यात ‘मार्च’ असेल तरच, असं ते सांगतं. डॅशबोर्ड बनवायच्या पॉवर बीआय या साधनात हेच काम कॅल्क्युलेट नावाचं फंक्शन करतं: आधी हिशेबाचं नाव द्यायचं, मग स्वल्पविराम देऊन एकेक अट. टॅब्लो आणि लुकरमध्ये पद्धत निराळी, विचार तोच. डेटाबेसवाले हीच गोष्ट एसक्यूएलमध्ये ‘केस व्हेन’ लिहून वर्षानुवर्षं करत आलेत. साधन कुठलंही घ्या, अवघड प्रश्न मात्र साधनाच्या बाहेरचा असतो: अट कोणती लावायची?

पाडव्याचंच घेऊ. पॉवर बीआयमध्ये ‘गेल्या वर्षीचा हाच काळ’ काढून देणारं तयार फंक्शन आहे. सोय फार चांगली आहे, दुधाच्या पिशव्यांच्या विक्रीसाठी मी ते रोज वापरते. पण त्याला फक्त तारखा कळतात. ९ एप्रिल २०२४च्या समोर ते ९ एप्रिल २०२३ आणून ठेवतं. तो होता चैत्र वद्यातला एक रविवार, पाडवा होऊन अडीच आठवडे उलटलेले. त्या दोन दिवसांची तुलना केली तर श्रीखंड कित्येक पटींनी वाढलेलं दिसेल, आणि २२ मार्च २०२४समोर २२ मार्च २०२३ ठेवला तर तेवढंच कोसळलेलं.

म्हणून आम्ही दिनदर्शिकेच्या तक्त्याला हात घातला. प्रत्येक डॅशबोर्डमध्ये असा एक तक्ता असतो: दर दिवसाची एक ओळ, आणि तिच्यापुढे महिना, आठवड्याचा वार, आर्थिक वर्ष. त्यात मी दोन रकाने वाढवले. एकात जवळच्या पाडव्यापासून तो दिवस किती अंतरावर आहे ते. पाडव्याला शून्य, आदल्या दिवशी उणे एक, दुसऱ्या दिवशी अधिक एक. दुसऱ्यात तो पाडवा कोणत्या साली आला ते, आर्थिक वर्षाशी काहीही संबंध न ठेवता. भरायला एक दुपार पुरली. खरा वेळ गेला तो पाडव्याच्या आधीचे-नंतरचे किती दिवस पाडव्याचे मानायचे, म्हणजे खिडकी किती दिवसांची धरायची, यावर.

आणि इथे मला संगणकासमोरून उठावंच लागलं. उत्पादन विभाग म्हणाला, आमचा पाडवा चक्का टांगायला घेतला की सुरू होतो. डिस्पॅचवाल्यांचं म्हणणं वेगळं: वितरकांचे इंडेंट, म्हणजे मागण्या, चार-पाच दिवस आधी फुगतात, पण ज्या दुकानदारांकडे मोठे फ्रीज आहेत ते त्याच्याही आधी माल भरून ठेवतात, कारण श्रीखंड दह्यासारखं दोन-चार दिवसांत आंबत नाही. हिशेब विभागाने तिसरीच गोष्ट पुढे केली. न खपलेला माल परत येतो तो पाडवा झाल्यावर; तो वजा केला नाही तर पाडव्याची विक्री फुगलेलीच दिसणार. शेवटी दहा दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत अशी खिडकी ठरली. पाडव्याचा दिवस धरून हे १४ दिवस होतात, म्हणजे बरोबर दोन आठवडे. पाडवा कोणत्याही वारी येवो, प्रत्येक खिडकीत दोन शनिवार आणि दोन रविवार येणारच. वाराचा प्रश्न त्यामुळे आपोआप मिटला.

मेजर लिहिताना ते असं उतरलं: कॅल्क्युलेट, एकूण विक्री किलोमध्ये, गट बरोबर श्रीखंड, पाडव्यापासूनचे दिवस उणे दहा ते अधिक तीन. किलो मुद्दाम घेतले. दर वाढला की रुपयांचा स्तंभ उंच होतो आणि माल वाढल्यासारखा भास होतो.

या खिडकीने एक गोष्ट लख्ख केली. २०२२चा पाडवा २ एप्रिलला होता. तारखेने पाहिलं तर तो २०२२-२३चा. पण त्याच्या १४ दिवसांपैकी नऊ दिवस मार्चमध्ये आणि गाड्या भरून गेल्या त्याही बहुतेक मार्चमध्येच. सणाची तारीख एका वर्षात आणि सणाची विक्री दुसऱ्या वर्षात, असं हे त्रांगडं. ज्या वर्षावरून बैठकीत बोलणं चाललं होतं, त्या २०२३-२४च्या वाट्याला तर आले ३० आणि ३१ मार्च असे दोनच दिवस, पुढच्या पाडव्याच्या तयारीचे. मग मी वर्षाचा स्तंभ दोन रंगांत तोडला, खाली ‘पाडव्याविना’ आणि वर ‘पाडव्याचे दिवस’. बुटक्या स्तंभाचा खालचा भाग आदल्या वर्षापेक्षा किंचित उंचच होता. वरचा रंग जवळपास नव्हताच. कपांच्या छपाईचा विषय त्याच दिवशी मिटला.

पुढच्या वर्षी चित्र उलटं झालं. दोन पाडवे पोटात घेतलेला २०२४-२५चा स्तंभ ताडमाड उंच झाला आणि अभिनंदनं सुरू झाली. घट दिसली की दहा माणसं कारण विचारायला येतात. वाढ दिसली की कुणी येत नाही. दोन रंगांचा स्तंभ खरा उपयोगी पडतो तो अशाच वेळी, असं माझं ठाम मत आहे. त्यातून पुढचं नियोजनही करता येतं. २०२६चा पाडवा १९ मार्चला आणि २०२७चा ७ एप्रिलला, म्हणजे २०२६-२७ हे वर्ष पुन्हा बिनपाडव्याचं. त्या वर्षीच्या विक्रीचं लक्ष्य ठरवताना हे माहीत नसेल, तर डेपोवरची माणसं बारा महिने न केलेल्या चुकीबद्दल बोलणी खातील.

हा प्रश्न एकट्या श्रीखंडाचा नाही. गाड्यांच्या विक्रेत्यांची देशपातळीवरची संघटना फाडा दर वर्षी सणासुदीच्या विक्रीचे आकडे देते, ते ४२ दिवसांच्या काळाचे: नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून धनत्रयोदशीनंतर पंधरा दिवसांपर्यंत. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. ऑक्टोबरसमोर ऑक्टोबर ठेवला असता तर एक वर्ष मंदीचं आणि एक तेजीचं वाटलं असतं. त्यांची खिडकी सणाबरोबर सरकते, म्हणून त्यांची तुलना टिकते.

आता या तंत्रातला एक बारकावा सांगते. त्यावर माणसं हमखास अडखळतात आणि कारण कळलं नाही की डॅशबोर्डवरचा विश्वासच उडतो. एका डेपोवरून फोन आला होता, “मॅडम, आमच्याकडं तूप, ताक, पनीर समदं सारखंच इकलं गेलंय का?” त्यांच्या पडद्यावर मालाच्या गटांची यादी होती आणि शेजारी ‘श्रीखंड विक्री’ हे मेजर ओढून ठेवलेलं. दह्याच्या ओळीसमोर श्रीखंडाचा आकडा, ताकासमोर तोच, तुपासमोरही तोच.

यात बिघाड काही नव्हता. कॅल्क्युलेटला ‘गट बरोबर श्रीखंड’ अशी अट दिली की त्या रकान्यावर आधीपासून जी अट असेल ती ते बाजूला सारतं आणि आपली बसवतं. दह्याच्या ओळीत पानाची अट असते ‘गट बरोबर दही’. मेजर ती पुसून श्रीखंड लावतं आणि श्रीखंडाची बेरीज घेऊन येतं. डेपोची अट मात्र तशीच राहते, कारण तिला कुणी हात लावलेला नसतो. प्रत्येक गट श्रीखंडाच्या किती पट विकला जातो हे पाहायचं असेल, तर हे वागणं अगदी हवं तसं आहे: दह्याच्या ओळीत दह्याचा आकडा ‘एकूण विक्री’ देईल, श्रीखंडाचा आकडा हे मेजर देईल आणि दोन्ही एकाच ओळीत भेटतील. पण नुसती यादी हवी असेल तर ते घोटाळ्यात टाकतं. तिथे अटीला कीपफिल्टर्सचं कवच घालायचं. मग मेजर आपल्या अटीबरोबर पानाची अटही पाळतं. दही आणि श्रीखंड एकाच वेळी असणारी ओळ सापडत नाही आणि दह्यासमोरची जागा रिकामी राहते. दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत. आपण विचारतोय काय, ते आधी ठरलेलं हवं.

याच्या उलट कधीकधी अट मुद्दाम काढून टाकावी लागते. मिरजेच्या वितरकाला आपण सगळ्या डेपोंच्या सरासरीच्या वर आहोत की खाली हे पाहायचं असतं. त्याने मिरज निवडलं की सरासरीही मिरजेची होऊन बसते आणि तुलना स्वतःशीच होते. तिथे सरासरीच्या मेजरमध्ये ‘डेपोवरची निवड विसर’ असं सांगावं लागतं. ऑल किंवा रिमूव्हफिल्टर्स ही फंक्शनं त्यासाठीच आहेत. चित्रात मग मिरजेचा स्तंभ हलतो आणि सरासरीची आडवी रेघ जागची ढळत नाही.

विक्रीच्या आकड्यांपेक्षा मला संकलनाचे आकडे जास्त जिव्हाळ्याचे वाटतात. तिथे तुलना चुकली तर माणूस दुखावतो. एका गावच्या दूध संस्थेचे सचिव कागद घेऊन आमच्या कार्यालयात आले. संस्थेची सरासरी फॅट वर्षभरात उतरल्याचं आमच्याच डॅशबोर्डवरून छापून गेलं होतं आणि गावात पाणी घातल्याचा संशय बोलला जाऊ लागला होता. “ताई, सत्तर घरचं दूध मी सवता मोजून घेतोय. दूध कुठं बिघडलंय, तेवढं दावा,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण कागद टेबलावर ठेवताना त्यांचा हात थरथरत होता.

त्यांच्या संस्थेत काय झालं होतं ते सोप्या आकड्यांत मांडते. समजा, गेल्या वर्षी रोज ५०० लिटर गाईचं दूध ३.६ फॅटचं आणि ५०० लिटर म्हशीचं ६.४ फॅटचं येत होतं. मिळून सरासरी झाली ५.०. यंदा गाईचं दूध ८०० लिटर झालं आणि फॅट ३.७, म्हशीचं २०० लिटरवर आलं आणि फॅट ६.५. गाईची फॅट वाढली, म्हशीचीही वाढली. सरासरी मात्र ५.० वरून ४.२६ वर घसरली. कुणी पाणी घातलं नव्हतं. लोकांनी म्हशी कमी करून गाई वाढवल्या होत्या, इतकंच.

गाय आणि म्हैस यांचं दूध मुळात वेगळ्या मोजपट्टीवर तोललं जातं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) धरून ठरतो, म्हशीचा ६.० आणि ९.० धरून. मग फॅटची एकच सरासरी काढायचं कारणच काय? कारण हेच की ती काढणं सोपं होतं आणि कुणी विचारलं नाही. त्या आठवड्यात मी ‘गाय फॅट’ आणि ‘म्हैस फॅट’ ही दोन फिल्टर्ड मेजरं केली आणि एकत्र सरासरी पानावरून काढून टाकली. दोन्ही मेजरं संकलन केंद्रांच्या सरासऱ्यांची सरासरी घेत नाहीत. आधी फॅटचे किलो बेरजेत घेतात आणि मग दुधाच्या किलोंनी भागतात, नाहीतर चाळीस लिटरच्या केंद्राला चार हजार लिटरच्या केंद्राइतकंच वजन मिळतं. नव्या चित्रात दोन रेषा आहेत, दोन्ही हलक्या चढत्या, आणि खाली पट्टीत गाय-म्हैस दुधाचं प्रमाण. सचिवांना त्याची रंगीत प्रत दिली. ती त्यांनी संस्थेच्या फळ्यावर लावली.

तुलनेसाठी आधी सारख्याला सारखं शोधायचं, हा विचार संगणकाच्या किती आधीचा आहे हे सांगताना मला फ्लोरेन्स नाइटिंगेल आठवतात. क्रिमियाच्या युद्धातल्या त्यांच्या पाकळ्यांसारख्या आकृत्या जगभर प्रसिद्ध आहेत. मला त्यांची त्याहून साधी, आडव्या पट्ट्यांची आकृती जास्त मोलाची वाटते. १८५८ साली छापलेल्या त्या आकृतीत युद्ध नाही, शांततेच्या काळात इंग्लंडमधल्याच बराकींत राहणारे सैनिक आहेत. या सैनिकांचे मृत्यू नाइटिंगेल यांनी सबंध जनतेच्या मृत्यूंसमोर ठेवले नाहीत. जनतेत म्हातारे आहेत, तान्ही बाळं आहेत. तिथे मृत्यू जास्तच असणार आणि सैन्य बरं दिसणार. त्यांनी त्याच वयाचे, नागरी जीवनातले इंग्रज पुरुष समोर ठेवले, चार वयोगट पाडून. वीस ते पंचवीस वयाच्या नागरी पुरुषांत हजारी ८.४ मृत्यू आणि त्याच वयाच्या सैनिकांत १७. तेही सैन्यात भरती करताना धडधाकट माणसं निवडून घेतलेली असताना! बराकींची घाण माणसं मारतेय हे त्या पट्ट्यांनी सरकारपुढे मांडलं. वय आणि लिंग या दोन अटी लावल्या नसत्या तर तो आरोप उभाच राहिला नसता.

अटींमध्ये एवढी ताकद आहे म्हणूनच त्यांची भीतीही बाळगली पाहिजे. अट लावत गेलं की हवं ते उत्तर मिळतं. “बंद पडलेली दुकानं वगळा,” असं कुणी म्हणतं. रास्त आहे, दोन्ही वर्षं चालू असलेल्याच दुकानांची तुलना करावी. मग “नवीन वितरकांचा पहिला महिना वगळा”. मग “संपाचे दिवस वगळा”. मग “गाडी बंद पडली तो आठवडा वगळा”. प्रत्येक मागणीला कारण असतं आणि शेवटी जो स्तंभ उरतो तो नेहमी चढताच असतो. मी त्यासाठी एक शिस्त धरली आहे आणि तिच्यावरून वादही घालते. अट आकडा पाहण्याआधी ठरली पाहिजे. ती दोन्ही बाजूंना सारखी लागली पाहिजे. आणि ती मेजरच्या नावात वाचता आली पाहिजे. ‘विक्री समायोजित’ या नावाखाली काहीही लपतं. ‘श्रीखंड किलो, पाडवा -१० ते +३’ हे नाव लांबलचक आहे, पण कोणताही वितरक ते वाचून माझ्याशी भांडू शकतो. त्याला भांडता आलं पाहिजे.

तुलनेतला चालू महिन्याचा प्रश्न लवकर सुटतो. महिन्याच्या १२ तारखेला उघडलेल्या डॅशबोर्डवर यंदाचे बारा दिवस आणि गेल्या वर्षीचा अख्खा महिना शेजारी उभा असेल, तर दर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सगळी डेअरी बुडालेली दिसते. गेल्या वर्षीच्या मेजरला ‘शेवटचं चलन ज्या तारखेचं आहे त्या तारखेपर्यंतच’ अशी अट घातली की झालं. फेब्रुवारी २०२४ला २९ दिवस होते. तिथे बेरजेऐवजी रोजची सरासरी धरायची.

जे सहज सुटत नाही ते ताकाचं. ताक आणि लस्सी उन्हावर विकली जाते. मे २०२५मध्ये आमच्याकडचा उन्हाळा अर्ध्यावरच विरला. त्या वर्षी मॉन्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोहोचला, मुंबईत तर नोंदी आहेत तेव्हापासून सर्वांत लवकर. आणि त्याच्या आधीपासूनच अवकाळी बरसत होता. ताकाचे इंडेंट निम्म्यावर आले तेव्हा विक्री विभागाने मागणी केली: पावसाचे दिवस वगळून तुलना करा. पाडव्याची खिडकी पंचांगावरून पाच वर्षं आधी ठरवता येते. पावसाचा दिवस कुणी ठरवायचा? इस्लामपुरात धो धो आणि जतला ऊन, असा एकच दिवस असतो. शिवाय मुख्य स्तंभातून पाऊस वगळला तर शिल्लक राहिलेलं ताक कुठे गेलं हे कुणालाच कळणार नाही. ते ताक खरंच विकलं गेलं नाही आणि त्याचं दूध आम्ही पैसे देऊन घेतलेलं होतं.

म्हणून मुख्य पानावरची ताकाची विक्री मी तशीच ठेवली, कुठलीही अट न लावता. वेगळ्या पानावर ‘कोरड्या दिवसांची रोजची सरासरी, ताक’ असं मेजर केलंय आणि त्याच्या शेजारी कोरडे दिवस किती होते तो आकडा ठेवलाय, म्हणजे सहा दिवसांवरची सरासरी सव्वीस दिवसांच्या सरासरीइतकी भक्कम कुणी समजू नये. डेपोंना रोजच्या हिशेबाच्या फॉर्मात एक रकाना वाढवून दिला आहे: दुपारी चारपर्यंत पाऊस, हो किंवा नाही. बहुतेक ठिकाणी तो नेमाने भरला जातो. दोन डेपो अजून विसरतात, त्यांना संध्याकाळी फोन करावा लागतो. मे २०२५साठी ही नोंद कुठल्याच डेपोकडे नाही. त्या महिन्याच्या स्तंभाखाली मी फक्त पाऊस लवकर आल्याची टीप लिहून ठेवली आहे आणि त्याच्याशी तुलना करणारं मेजर केलेलं नाही.